ताप मुलाला, दंड पालकांना!

मूल वारंवार आजारी पडतं, शाळेचे दिवस बुडतात आणि मग येते हजेरी कमी असल्याची नोटीस. त्यासोबत कधी दंडाची पावती, तर कधी ‘परीक्षेला बसता येणार नाही’ अशी तंबी. नियम नेमका काय सांगतो? सवलत कुणाला मिळते? आणि भिलाईसारख्या शहरात हा प्रश्न एवढा जिव्हाळ्याचा का?

शाळेच्या डायरीत लाल शाईने लिहिलेली एक ओळ अख्ख्या घराची झोप उडवू शकते : ‘आपल्या पाल्याची हजेरी अपुरी आहे. त्वरित भेटावे.’

मूल दांड्या मारून सिनेमाला जाणारं असेल, तर आई-वडिलांना राग येणं समजू शकतं. पण जे मूल महिन्यातून चार दिवस अंथरुणावर असतं, ज्याच्या दप्तरात डब्यासोबत औषधाची पट्टीही असते, त्याच्या पालकांनी या ओळीला काय उत्तर द्यायचं? औषधपाण्याचा खर्च आहेच, आईच्या रजा संपल्या आहेत, रात्रीची जागरणं वेगळीच. त्यात शाळा सांगते, ‘गैरहजेरीचा दंड भरा.’ म्हणजे दुष्काळात तेरावा महिना!

छत्तीसगढमधल्या भिलाईत ही गोष्ट नवलाची नाही. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर, नागपूर आणि रायपूरच्या दरम्यान वसलेलं हे पोलादाचं शहर. सोव्हिएत रशियाच्या मदतीने इथे कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यासोबत सेक्टर उभे राहिले, सेक्टरासोबत शाळा आणि सेक्टर नऊमध्ये मोठं रुग्णालय. देशभरातून माणसं नोकरीला आली, त्यात मराठी माणसंही होती. विदर्भातल्या लोकांना तर हा मुलूख परका नव्हताच. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरला होती!

अशा शहरात शिक्षणाला किती मान असणार ते वेगळं सांगायला नको. बाप कारखान्यात पाळ्या करतो तो मुलाने इंजिनीअर व्हावं म्हणून. इथल्या शिकवणी वर्गांची ख्याती दूरवर पोचली आणि २०१६ साली तर शहराच्या नावाची आयआयटीच सुरू झाली. जिथे एकेका मार्कासाठी धावाधाव चालते, तिथे मागे पडणाऱ्या आजारी मुलाचे हाल जास्तच होतात.

पंचावन्न दिवसांचं गणित

आधी नियम समजून घेऊ. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ म्हणजे सीबीएसई. या मंडळाच्या दहावी आणि बारावीच्या परीक्षेला बसायचं तर शाळेत किमान ७५ टक्के हजेरी लागते. महाराष्ट्राच्या मंडळाचा आकडाही ७५ टक्केच आहे. 

कागदावर हा आकडा उदार वाटतो. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा ठरवली आहे. तोच आकडा धरला तर ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस. उरले ५५. ‘पंचावन्न दिवस सुट्टी! आणखी काय हवं?’ असं कुणीही म्हणेल.

आता आजारी मुलाचं वर्ष मांडून पाहा. समजा, महिन्याला सरासरी तीन दिवस अंगदुखी किंवा ताप. दहा महिन्यांचे झाले ३०. दर महिन्याला एक दिवस डॉक्टरांकडे तपासणीचा, ते १०. वर्षातून एकदा दहा दिवस रुग्णालयात. एकूण ५०. त्यावर पावसाळ्यातला एखादा नेहमीचा ताप, सहा दिवसांचा. बेरीज ५६. म्हणजे मुलाने एकही दांडी मारलेली नाही, लग्नाला नाही, जत्रेला नाही, तरी ते एका दिवसाने नापास!

दहावी-बारावीत तर आणखी एक मेख आहे. तिथे हजेरी वर्षअखेरपर्यंत मोजत नाहीत. परीक्षा ज्या महिन्यात सुरू होते त्याच्या आधीच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंतच ती धरली जाते. परीक्षा फेब्रुवारीत असेल तर १ जानेवारीला हिशेब बंद. तोवर समजा शाळा १७० दिवस भरली असेल, तर लागणार १२८ दिवस. बुडवायची मुभा ५५ नव्हे, अवघे ४२ दिवस. अनेक पालकांना हे कळतं ते जानेवारीत, म्हणजे वेळ निघून गेल्यावर.

नियम कडक झाला कुणामुळे?

हजेरीचा नियम मुळात वाईट नाही. शाळेत न येणाऱ्या मुलाचं नुकसान होतंच. प्रश्न आहे तो नियम कुणावर उगारला जातो याचा.

गेल्या काही वर्षांत ‘डमी शाळा’ नावाचा प्रकार बोकाळला. मुलाचं नाव शाळेच्या पटावर, मूल मात्र दिवसभर इंजिनीअरिंग-मेडिकलच्या शिकवणीत. हजेरीपट घरबसल्या भरला जायचा. हे मोडून काढण्यासाठी सीबीएसईने सप्टेंबर २०२४ मध्ये राजस्थान आणि दिल्लीतल्या शाळांवर अचानक धाडी घातल्या आणि नोव्हेंबरमध्ये २१ शाळांची मान्यता काढून घेतली. हजेरीच्या नियमाची आठवण करून देणारी परिपत्रकंही निघाली. २०२५ च्या परिपत्रकात तर स्पष्ट सांगितलं की, आजारपणाची रजा घेतली असेल तर अर्ज आणि वैद्यकीय कागदपत्रं लगेच शाळेत पोचली पाहिजेत. अचानक तपासणीत नोंदी अपुऱ्या आढळल्या तर शाळेवर कारवाई होऊ शकते.

साहजिकच मुख्याध्यापकही धास्तावले. शाळेची मान्यता पणाला लागली की कोण कशाला जोखीम घेईल? पण सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. शिकवणीला पळणाऱ्या मुलाचे पालक सल्ला घ्यायला, कागद जमवायला तयार असतात. खरोखर आजारी मुलाची आई मात्र त्या वेळी रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात बसलेली असते. कागद गोळा करायचं तिच्या ध्यानीमनीही नसतं.

काल खेळत होता, आज रडतो

आजारी म्हणजे कोणतं मूल? दमा, बालमधुमेह, अपस्मार, मूत्रपिंडाचे विकार, थॅलेसेमिया... यादी मोठी आहे. पण छत्तीसगढ आणि पूर्व विदर्भ या पट्ट्यात एका आजाराचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तो म्हणजे सिकलसेल.

हा रक्ताचा आनुवंशिक आजार. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी गोल, लवचिक असतात आणि साधारण १२० दिवस जगतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि दहा-वीस दिवसांतच मरतात. म्हणून अंगात रक्त कमी, डोळ्यांत पिवळसर झाक. या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हात, पाय, पाठ, पोट, छाती यांत असह्य वेदना सुरू होतात. कधी दोन दिवस, कधी आठवडा. शिवाय जंतुसंसर्गाची भीती कायमची.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. नुसत्या वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे आपण वाहक आहोत हे अनेकांना ठाऊकच नसतं. छत्तीसगढमध्ये साडेतीन लाखांहून अधिक जणांची तपासणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाहकांचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या वर निघालं. हा फक्त आदिवासींचा आजार, ही समजूतही चुकीची. या पट्ट्यातल्या अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही तो मोठ्या प्रमाणावर आहे.

आता या मुलाला वर्गात बसवून पाहा. सोमवारी ते मैदानावर धावतं, मंगळवारी गुडघा धरून रडतं. ना प्लास्टर, ना पट्टी, ना अंगावर पुरळ. शिक्षकांना वाटतं, सोंग आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं, म्हणून मुलाला सारखं पाणी प्यावं लागतं. त्याची मूत्रपिंडं लघवी नीट घट्ट करू शकत नाहीत, म्हणून सारखं बाहेर जावं लागतं. ‘तुलाच बरी दर तासाला लागते?’ असा टोमणा ऐकून मूल पाणी पिणंच सोडतं, आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतं. पिवळे डोळे पाहून मुलं चिडवतात, ‘याला कावीळ झालीय, शेजारी बसू नका.’ वास्तविक हा आजार एकापासून दुसऱ्याला लागतच नाही.

ऋतूंचंही असंच. पावसाळ्यात तापांच्या साथी. २०१८ साली भिलाईत डेंग्यूने केवढा हाहाकार उडवला होता ते इथले रहिवासी विसरलेले नाहीत. डिसेंबरचा पहाटेचा गारठा सिकलसेलच्या मुलाचा शत्रू, मार्च-एप्रिलचं ऊनही तसंच. आणि हजेरीचा हिशेब बंद होतो नेमका जानेवारीच्या पहिल्या तारखेला. म्हणजे पाऊस आणि थंडी हे दोन्ही वाईट हंगाम हिशेबात येतात.

दंडाची कुळकथा

गैरहजेरीबद्दल दंड ही कल्पना आजची नाही. गंमत म्हणजे तिचा उगम चांगल्या हेतूत आहे, आणि त्यात आपली मराठी नावं आघाडीवर आहेत.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्यातही मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हे!

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं, त्यातही पालकांना दंडाची तरतूद होती. पण गोखल्यांनी आजारपण, घरची अडचण आणि शेतीचा हंगाम ही गैरहजेरीची रास्त कारणं मानली होती. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. 

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. तो दंड होता मुलाला जाणूनबुजून शाळेपासून दूर ठेवणाऱ्यांसाठी. गुरं राखायला, शेतात राबायला, घरकामाला जुंपणाऱ्यांसाठी. तापाने फणफणलेल्या पोरासाठी तो कधीच नव्हता. आजारी मुलाच्या बापाकडून दिवसामागे दंड घेणारी आजची शाळा चोर सोडून संन्याशाला फाशी देते आहे.

कायदा कुठे उभा आहे?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण पालकांना दंड करण्याची तरतूद नाही. उलट शाळेवर बंधनं आहेत. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीच्या परीक्षेत, फेरपरीक्षेनंतरही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण शाळेतून काढण्याची नाही. मुलाला शारीरिक शिक्षा करणं आणि मानसिक छळ करणं हेही या कायद्याने गुन्ह्यासारखंच मानलं आहे. अशा शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे, हे ध्यानात ठेवावं.)

मग दंडाची पावती येते कुठून? ती येते शाळेच्या नियमपुस्तिकेतून. प्रवेशाच्या वेळी आपण न वाचता सही करतो, त्या कागदातून. सीबीएसईच्या हजेरीच्या नियमात पैशांच्या दंडाचा शब्दही नाही. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येत नाही एवढाच त्याचा परिणाम. दंड भरल्याने बुडालेला दिवस भरून निघत नाही आणि न भरल्याने परीक्षेची पात्रता जात नाही. दोन्ही गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत. पुष्कळ पालक इथेच फसतात. दंड भरून निर्धास्त होतात आणि कागद मात्र देत नाहीत.

खासगी शाळांच्या फीबद्दल छत्तीसगढने २०२० मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार शाळेच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर फी समित्या आहेत. महाराष्ट्रातही २०११ चा फी नियमन कायदा आहे. आजारपणाच्या रजेवर दंड आकारला जात असेल तर तो मुद्दा पालक प्रतिनिधींमार्फत या समितीपुढे नेता येतो.

सवलतीचं दार

सीबीएसईच्या नियमात आजारी मुलासाठी दार उघडं ठेवलेलं आहे, फक्त ते कुठे आहे हे ठाऊक हवं. हजेरी ७५ टक्क्यांपेक्षा कमी पण ६० टक्क्यांच्या वर असेल, तर १५ टक्क्यांपर्यंतची तूट मंडळाचे अध्यक्ष माफ करू शकतात. कारण म्हणून दीर्घ आजारपण, आई किंवा वडिलांचा मृत्यू, किंवा तितकीच गंभीर बाब चालते. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धांसाठीही सवलत आहे. हजेरी ६० टक्क्यांच्याही खाली गेली तर मात्र फक्त कर्करोग, एड्स, क्षय किंवा तशाच गंभीर, दीर्घकाळ रुग्णालयात ठेवाव्या लागणाऱ्या आजारात अपवाद म्हणून विचार होतो.

हा अर्ज पालकांनी परस्पर पाठवायचा नसतो. शाळेने शिफारस करून तो मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे धाडायचा असतो, आणि तोही जानेवारीच्या सुरुवातीलाच. म्हणून शाळेशी वैर धरून उपयोग नाही. मुख्याध्यापकांच्या सहीवरच सारं अवलंबून असतं.

दुसरं दार अपंग हक्क कायद्याचं. २०१६ च्या या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांचा समावेश झाला आहे. हातपाय धड असलेल्या मुलाचं असं प्रमाणपत्र काढायला आई-वडिलांचं मन धजावत नाही. ‘उद्या लग्नाच्या वेळी अडेल,’ अशीही भीती असते. पण ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सोयींसाठी अर्ज करता येतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण माहिती असून घ्यावा.

तिसरं दार मुक्त विद्यालयाचं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावी-बारावीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सुटत गेला तरी चालतो. रायपूरला राज्याचं मुक्त विद्यालयही आहे. मात्र हा उपाय शेवटचा धरावा. मुलाला पुस्तकं घरी मिळतील, पण मधल्या सुट्टीतला मित्र घरी मिळत नाही.

साहेबाच्या देशात

आपल्याकडे दंडाची चर्चा निघाली की लोक इंग्लंडचं उदाहरण देतात. तिथे खरोखरच दंड आहे. शाळेच्या परवानगीवाचून दहा आठवड्यांत दहा सत्रं, म्हणजे पाच दिवस बुडाले की नोटीस येऊ शकते. ऑगस्ट २०२४ पासून ही रक्कम प्रत्येक पालकामागे, प्रत्येक मुलामागे ८० पौंड आहे. २१ दिवसांत भरली नाही तर १६० पौंड. गावाकडच्या लग्नासाठी सत्राच्या मध्येच मुलांना भारतात घेऊन येणाऱ्या तिथल्या कुटुंबांना हा हिशेब करावाच लागतो.

पण तिथल्या नियमाची दुसरी बाजू आपल्याकडे कुणी सांगत नाही. आजारपणाची गैरहजेरी तिथे दंडाच्या हिशेबात धरतच नाहीत. खास शंका असल्याशिवाय डॉक्टरांचा कागद मागू नये, अशी शाळांना सूचना आहे. आणि आजारामुळे मुलाचे पंधरा दिवस किंवा अधिक बुडणार असतील, तर त्याच्या शिक्षणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर येते. म्हणजे मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं!

हे आपल्याला परवडणारं नाही, असं म्हणून सोडून देऊ नका. आपण ते केलेलं आहे. २०२० साली करोनाने शाळा बंद झाल्या, तेव्हा छत्तीसगढ सरकारने एप्रिलमध्येच ‘पढई तुंहर दुआर’ ही योजना सुरू केली. नावाचा अर्थच मुळी ‘शिक्षण तुमच्या दारी’. राज्यभरातल्या मुलांसाठी जे दार उघडता आलं, ते वर्गातल्या एका आजारी मुलासाठी उघडता येणार नाही काय? सेक्टरातल्या सेक्टरात राहणारा मित्र वही पोचवू शकतो, बाई फोनवर फळ्याचा फोटो पाठवू शकतात. त्याला अनुदान लागत नाही, मन लागतं.

शाळेने एवढं करावं

सिकलसेलच्या मुलाची पाण्याची बाटली बाकावरच असू द्यावी आणि त्याला लघवीला जायला आडकाठी करू नये. थंडीत सकाळच्या प्रार्थनेला स्वेटर-कानटोपी चालवून घ्यावी, मग ती गणवेशाच्या रंगाची नसली तरी. मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा या मुलाला कदापि देऊ नये. ताप किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर शाळा सुटण्याची वाट न पाहता घरी कळवावं.

बालमधुमेह असलेल्या मुलांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ, पाणी नेण्याची परवानगी सीबीएसईने २०१७ मध्येच दिली आहे. वर्गात तेवढीच समज दाखवायला कुठल्या परिपत्रकाची गरज आहे? आणि ‘शंभर टक्के हजेरी’चं बक्षीस टाळ्यांच्या गजरात देताना मागच्या बाकावरच्या त्या पोराच्या चेहऱ्याकडेही एकदा पाहावं. निरोगी असणं हा गुण आहे की नशीब?

पालकांनी काय करावं?

• जून उजाडताच वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना पत्र द्या. आजाराचं नाव, कोणती काळजी घ्यायची, डॉक्टरांचा आणि तुमचा फोन नंबर लिहा. आजार लपवला तर शिक्षक त्याला आळसच समजणार.

• प्रत्येक आजारपणानंतर लगेच अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर शाळेचा शिक्का-तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं जानेवारीत कुणालाच आठवत नाही.

• रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, औषधाच्या चिठ्ठ्या एकाच फाइलमध्ये तारीखवार लावा. मोठ्या रजेचं सर्टिफिकेट सरकारी डॉक्टरांचं असेल तर उत्तम.

• दर महिन्याला हजेरीचा आकडा विचारा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. ८० टक्क्यांच्या खाली घसरला की मुख्याध्यापकांना भेटा. ७५ ची वाट पाहू नका.

• तपासणीची तारीख शक्यतो शनिवारी किंवा सुट्टीत मागून घ्या. महिन्याला एक याप्रमाणे वर्षाचे दहा दिवस वाचतात.

• दंड आकारला तर भांडू नका. आजारपणाचे कागद जोडून तो माफ करावा असा लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखी मागा. दाद मिळाली नाही तर जिल्हा शिक्षणाधिकारी आणि त्यानंतर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे.

• सगळ्यात महत्त्वाचं, आजाराचा इलाज नेटाने करा. सिकलसेलवर हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात, मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणि रक्त तपासत घ्यायचं असतं. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावं. लग्नं जमवताना पत्रिकेआधी हा कागद जुळवला तर पुढच्या पिढीची दुखणी टळतील.

आणि मुलाचं काय?

या साऱ्या धावपळीत आपण एकाला विचारायचं विसरतो. ते म्हणजे प्रत्यक्ष मूल. ‘तुझ्यामुळे पुन्हा दंड भरावा लागला’ हे वाक्य चिडून एकदा तोंडातून निघतं आणि मुलाच्या मनात घर करून बसतं. मग पोट दुखत असतानाही ते सांगत नाही. अंगात ताप असताना दप्तर उचलून निघतं आणि दुपारी शाळेतून सरळ रुग्णालयात पोचतं. हजेरीचा एक दिवस वाचवायला जाऊन आठ दिवसांचं नुकसान!

त्याला शांतपणे सांगा, ‘बाळा, कागदांचं काय ते आम्ही बघतो. तू दुखलं की सांगायचं आणि बरं वाटलं की शाळेत जायचं.’ एवढ्या आश्वासनाने मुलाच्या मनावरचं निम्मं ओझं उतरतं.

हजेरीपटावर दोनच खुणा असतात, हजर किंवा गैरहजर. मूल घरी अंथरुणावर पडून गणितं सोडवत होतं की गल्लीत पतंग उडवत होतं, हे त्या पटाला कळत नाही. ते कळतं शिक्षकाला, जर त्याने विचारलं तर. आणि ते कळवायचं काम पालकांचं आहे, वेळच्या वेळी, कागदावर. या दोघांनी आपापलं काम केलं तर ७५ चा आकडा कुणा आजारी मुलाचं वर्ष गिळणार नाही आणि दंडाची पावती फाडायची वेळही येणार नाही.